पुढची नावं

१९९१ सालच्या चार फेब्रुवारीला, सोमवारी सकाळी, भगवंतराव ठोंबरे यांनी बुलढाण्यातल्या एका सरकारी कचेरीतला कॉम्प्युटर चालू केला, स्वतः लिहिलेला प्रोग्राम त्याच्यावर सोडला आणि दुपारच्या एसटीनं बायकोला घेऊन ते जिभेच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला गेले. वीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला होता. डॉक्टरांनी तारीख दिली होती, आणि यादीचीही तारीख आली होती. दोन्ही एकाच महिन्यात आल्या.

यादी धरणग्रस्तांची होती. चौसष्ट साली धरणाच्या पाण्यात पाच गावं गेली. तेव्हा तलाठ्यानं घराघरांतून फिरून एक रजिस्टर लिहिलं होतं. गावं उठली आणि माणसं जानेफळपासून अमडापूरपर्यंत, जिथे जागा मिळाली तिथे जाऊन राहिली. आता सत्तावीस वर्षांनी सरकारनं ठरवलं होतं, की ज्यांची घरं खरोखर बुडाली त्यांना दाखला द्यायचा. दाखला असला की घरातल्या एकाला नोकरीत राखीव जागा. याआधी दोनदा हातानं याद्या झाल्या होत्या, आणि दोन्ही वेळा ज्यांची एक वीट पाण्यात गेली नव्हती अशा लोकांच्या भाच्यापुतण्यांनी त्या भरल्या होत्या. म्हणून यंदाच्या बैठकीत भगवंतराव उभे राहून म्हणाले होते, "साहेब, या वेळेले हातानं लिहिलेलं एकही नाव घेऊ नका. जुनं रजिस्टर अन् आजची रेशनकार्डं, दोन्ही मी मशीनमदे टाकतो. जुळलं ते नाव आत. नाही जुळलं ते बाहेर. मंग तो कोनाचाही असो."

साहेबांनी मान्य केलं. तेच शब्द पत्रकात आले.

भगवंतराव मुळात टंकलेखक. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नागपूरला तीन महिन्यांचा कोर्स करून ते कॉम्प्युटर शिकले. त्यांना मूलबाळ नव्हतं. हाताखाली ताहेरा नावाची बावीस वर्षांची मुलगी होती, देऊळघाटच्या अब्दुल गनी शिंप्याची. दोघांनी मिळून चौदा महिने नावं भरली होती. प्रोग्राम एकेक नाव घ्यायचा आणि सगळ्या जुन्या रजिस्टरशी ताडून बघायचा. मशीन धिमं होतं, एका वेळी एकच तपासणी त्याला झेपायची. सगळी नावं तपासायला पंधरा दिवस लागणार होते, आणि सगळा हिशेब मशीनच्या डोक्यात असायचा. मधेच बंद पडलं की पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात.

"वीस तारखेले यादी द्याची हाय," जाताना भगवंतराव ताहेराला म्हणाले. त्यांची जीभ तेव्हाच जड झाली होती. "एकोणीसले सकाळी संपते. एक दिवस छापाले. तू फकत बसून राह्य. लाइट गेली तर बॅटरीवर तीन तास चालते. हात नको लावू."

"नाही लावत, काका."

तिनं तीन दिवस हात लावला नाही. गुरुवारी संध्याकाळी मात्र, नुसतं बसून कंटाळा आला म्हणून, तिनं त्याच मशीनला जोडलेल्या शेजारच्या टर्मिनलवर न जुळलेल्या नावांची फाइल उघडली.

पहिलं गाव निंबखेडी पूर्ण झालं होतं आणि दुसरं संपत आलं होतं. न जुळलेली नावं फार नव्हती. पण ताहेरा एकेक वाचत खाली गेली. मंजुळाबाई. गीताबाई. फातिमाबी. आणखी एक बाई, आणखी एक बी. एका पानावर बावीस बायका आणि दोन पुरुष.

फातिमाबी तिच्या गल्लीतच राहायची. नवऱ्याचं घर कसं पाण्याखाली गेलं, शेवटच्या दिवशी दाराची चौकट कशी उखडून आणली, हे ताहेरानं लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. ती चौकट अजून तिच्या घराला होती. ते नाव बाहेर पडणं शक्यच नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं. जुन्या रजिस्टरात घर नवऱ्याच्या नावावर होतं. नवरा मेला, रेशनकार्ड बाईच्या नावानं झालं. प्रोग्राम माणसाचं नाव माणसाच्या नावाशी ताडत होता. बाईच्या नावातलं मधलं नाव, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, जुन्या रजिस्टरशी ताडून बघावं असा नियम त्याला कुणी सांगितलाच नव्हता. नावं भरताना ना भगवंतरावांच्या ध्यानात आलं होतं, ना तिच्या.

नियम वेगळ्या फाइलमध्ये होते. 'उकंडराव' आणि 'उकर्डाजी' एकच धरावं, 'अब्दुल गनी' आणि 'गनी अब्दुल' एकच धरावं, अशा ओळी भगवंतरावांनी तिच्या देखत त्यात लिहिल्या होत्या. ताहेरानं त्याच फाइलमध्ये विधवांसाठी नवी ओळ घातली. पण पडद्यावर बायकांची नावं बाहेर पडतच राहिली. प्रोग्रामनं नियम सोमवारी सकाळी एकदाच वाचले होते. नवी ओळ त्याच्या गावीही नव्हती.

तिनं नागपूरला ट्रंक कॉल लावला. तिथला इंजिनिअर म्हणाला, "सोपं आहे. मशीन बंद करा, परत चालू करा, प्रोग्राम नव्यानं सोडा. नवे नियम वाचेल."

"पंधरा दिवस लागतात, सर. तेवीस तारीख होते."

"मग तारीख वाढवून घ्या."

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, कागदाच्या कडेवर आकडेही मांडून बघितले. "तारीख मुंबईहून आली आहे, बाई. एकवीसला भरतीची जाहिरात. वीसला यादी पोचली नाही तर आपल्या जिल्ह्याचं नावच वगळणार आहेत. मग बायकाही नाहीत आणि पुरुषही नाहीत."

शुक्रवारी सकाळी ताहेरा अकोल्याच्या बसमध्ये बसली. अब्दुल गनी तिला स्टँडपर्यंत सोडायला आले होते. एकटीनं जायचं म्हणून घरात आईची कुरकुर होती, पण ते एवढंच म्हणाले, "भगवंतरावसाठी जाऊन राह्यली न? जा मग."

दवाखान्यात भगवंतराव खाटेवर टेकून बसले होते. नाकात नळी, गळ्याभोवती पट्टी, गालाची एक बाजू सुजून काळी पडलेली. ऑपरेशन बुधवारीच झालं होतं. जीभ मुळापासून काढली होती. मांडीवर शाळेची पाटी होती. शेजारी त्यांची बायको, जनकाबाई, ओल्या फडक्यानं त्यांचे ओठ टिपत होती.

ताहेराला बघून त्यांनी भुवया वर केल्या. मशीन?

"चालू आहे, काका. चालू आहे." आणि मग तिनं सगळं सांगितलं. विधवांचं सांगताना भगवंतरावांचे डोळे मिटले. मग त्यांनी पाटी घेतली.

'चूक माझी.'

"माही पण, काका. मीच भरली न ती नावं. पण आता काय करू? इंजिनिअर म्हणतो बंद कर."

त्यांनी जोरात मान हलवली, तशी त्यांना कळ आली. जनकाबाईनं खांदा धरला. ते थांबले, आणि मग सावकाश लिहायला लागले. पाटी भरली की पुसायची, पुन्हा लिहायची. चालू प्रोग्रामला एक नंबर असतो. त्या नंबराला खूण पाठवायची. खूण पोचली की तो हातातलं नाव पूर्ण करतो, नियमांची फाइल पुन्हा वाचतो आणि तिथून पुढे चालतो. बंद पडत नाही. ही सोय त्यांनी मुद्दाम करून ठेवली होती. सांगायची राहिली होती.

मग त्यांनी कमांड लिहिली. ती वाचून ताहेरा घाबरली. पहिलाच शब्द 'किल' होता.

"काका, यानं तर प्रोग्राम मरते न!"

त्यांनी मधल्या 'वजा एक'खाली दोन रेघा ओढल्या. वजा एक लिहिलं तर ती हाक. ते विसरलं तर मरण. ताहेरानं सगळं वहीत उतरवून घेतलं, त्यांना दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"अन् काका, जी नावं बाहेर पडली ती? ती परत तपासते का?"

भगवंतरावांनी पाटी पुसली. मग एकच शब्द लिहिला.

'पुढची.'

"म्हंजे मागची नाही?"

'नाही.'

ताहेराला वाटलं आपण बोलू नये, पण तोंडातून निघून गेलं. "निंबखेडी तर पहिलंच आहे, काका."

निंबखेडी भगवंतरावांचं गाव. पाचांतलं ते पहिलं का, हे ताहेराला माहीत होतं. सोमवारी सकाळी त्यांनी ते स्वतःच्या हातानं यादीत वर घेतलं होतं आणि हसून म्हणाले होते, माह्या गावापासून नारळ फोडतो.

जनकाबाईचा हात ओठांवरच थांबला. "थांब व पोरी. निंबखेडीच्या बाया राह्यल्या म्हंजे? आपली वच्छला?"

वच्छलाबाई ही भगवंतरावांची धाकटी बहीण, निंबखेडीतच दिलेली. लग्न झालं त्याच वर्षी गाव उठलं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. एक मुलगा, शालिग्राम, बारावी पास, सव्वीस वर्षांचा, भरतीच्या वयाच्या टोकाला आलेला.

मग जनकाबाई नवऱ्यावर कडाडली. "बंद करा न मंग ते! बंद करून परत चालू करा! तिच्या पोराचं वय चाललं. तुमाले ठाऊक नाही का?"

भगवंतरावांनी पाटीवर आकडे लिहिले. शनिवारपासून पुढच्या तीन गावांत विधवांची घरं अंदाजे एकशे सत्तर. मागच्या दोन गावांत साठ-एकसष्ट. बंद केलं तर तेवीस तारीख, म्हणजे कोणीच नाही. आकडे बायकोपुढे धरले. जनकाबाईनं ते पाहिले नाहीत. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "एकशे सत्तर. तुमची बहीण एक हाय."

त्यांनी पाटी पुसली, ताहेराकडे वळवली.

'चालू ठेव.'

ती उठली तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं आणि आणखी एक ओळ लिहिली. 'वच्छलाले मी सांगतो.' लिहून झाल्यावर त्यांनाच ते वाचून कसंसं झालं असावं. त्यांनी 'सांगतो' पुसून तिथं 'लिहितो' केलं.

संध्याकाळी साडेपाचला ताहेरा कचेरीत पोचली. दुसरं गाव संपायला काही नावं उरली होती. तिनं प्रोग्रामचा नंबर शोधला, कमांड टाइप केली, वहीशी तीनदा ताडून बघितली. वजा एक. बोट बटणावर ठेवूनही तिला ते दाबवेना. शेवटी तिनं 'बिस्मिल्ला' म्हणून दाबलं.

पडदा क्षणभर थांबला. मग पुढचं नाव आलं, त्याच्या पुढचं आलं. जरा वेळानं एक बाई आली, रुखमाबाई उकंडराव, आणि तिच्यापुढे 'जुळले' असं उमटलं. ताहेरानं खुर्चीतच तोंडावर ओढणी घेतली आणि ती रडली. मशीन एक क्षणही बंद पडलं नव्हतं.

पुढचे दहा दिवस बायका येत राहिल्या आणि जुळत राहिल्या. एकोणीस तारखेला, मंगळवारी, सकाळी सव्वानऊला प्रोग्राम संपला. तीन गावांतल्या एकशे अठ्ठ्याहत्तर विधवा यादीत आल्या होत्या. ताहेरानं प्रिंटरला कागद लावला. तेवढ्यात साहेबांच्या खोलीतला फोन वाजला. भगवंतरावांच्या जखमेत पू झाला होता, दोन दिवस ताप उतरला नव्हता. पहाटे ते गेले.

साहेब स्वतः बाहेर आले. बातमी सांगून त्यांनी टोपी काढली. मग हळूच म्हणाले, "त्यांची बहीण राहिली म्हणे यादीतून. छापायच्या आधी घालून टाक ते नाव. मी काही बघितलं नाही."

ते आत गेले. ताहेरानं फाइल उघडली. निंबखेडीच्या पानावर तिनं टाइप केलं, 'वच्छलाबाई लक्ष्मण'. अक्षरं बाकीच्या अक्षरांसारखीच दिसत होती. कुणालाही कळलं नसतं. ती त्या ओळीकडे बघत बसली. मग तिला खालची मंजुळाबाई आठवली, गीताबाई आठवली, तिच्या गल्लीतली फातिमाबी आठवली. एकीचं नाव घालायचं तर साठजणींची घालायला हवीत, आणि तशी घातली तर ही यादी आधीच्या दोन याद्यांसारखीच झाली. तिनं ओळ पुसली आणि प्रिंटर चालू केला. दिवसभर तो कर्कश आवाज करत छापत राहिला. तिकडे अकोल्याहून गाडी निघाली, जानेफळकडच्या निंबखेडीकरांच्या वस्तीवर भगवंतरावांना नेलं, आणि ताहेरा इथे कागद फाडून गठ्ठे बांधत होती.

पाचव्या दिवशी ती वडिलांना घेऊन वच्छलाबाईकडे गेली. निंबखेडीतून उठलेल्या लोकांची ती वस्ती होती, सरकारनं आखून दिलेल्या ओळींतली घरं. वच्छलाबाई ओट्यावर बसली होती. शालिग्राम जनकाबाईला घेऊन राख सावडलेल्या ठिकाणी गेला होता.

"तू ताहेरा न?" ती म्हणाली. "दादा तुह्यं नाव घ्याचा. बस." मग तिनं कमरेच्या पिशवीतून एक आंतरदेशीय पत्र काढलं. "हे काल आलं पोष्टानं. मले वाचता येत नाही, अन् पोराले नाही दाखवलं. तू वाच."

ताहेरानं मोठ्यानं वाचायला घेतलं. अक्षर भगवंतरावांचंच होतं, शेवटी शेवटी वाकडं झालेलं. त्यांनी सगळं सरळ लिहिलं होतं. नियम चुकला. चूक माझी. आपलं गाव मीच वर घेतलं होतं, खाली ठेवलं असतं तर तुझं नाव आलं असतं. मशीन बंद करता आलं असतं, मी करू दिलं नाही. शालिग्रामला हे तू सांगू नको, मी बरा झालो की सांगीन. त्या पोरीला बोल लावू नको.

वच्छलाबाईनं पत्र परत घेऊन घडी घातली. अब्दुल गनी खाली मान घालून बसले होते.

"सरकारनं केलं असतं तं एवढं नसतं लागलं," ती म्हणाली. "दादानं असं काऊन केलं व?"

ताहेराला राहवलं नाही. "मावशी, मी पण केलं. साहेब म्हणे, घाल नाव. मी घातलं होतं. मंग पुसलं."

"काऊन पुसलं?"

"अजून साठजणी होत्या."

वच्छलाबाईनं तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग होता, आणि रागाच्या मागे इतकी दमणूक होती की ताहेरानं नजर वळवली. "त्या साठजणी माह्या कोन लागत होत्या?" ती म्हणाली. उत्तराची वाट न पाहता ती उठून आत गेली. मग तिनं पाण्याचे दोन तांबे आणून बाहेर ठेवले आणि पुन्हा आत गेली. बापलेक पाणी पिऊन निघाले.

त्याच आठवड्यात ताहेरानं पहिल्या दोन गावांची नावं नव्या नियमानं पुन्हा तपासायला लावली. पाच दिवस लागले. एकसष्ट बायका जुळल्या. पुरवणी यादी म्हणून ती गेली, आणि विचाराधीन म्हणून पडून राहिली. ताहेरा दर महिन्याला स्मरणपत्र टाइप करून साहेबांच्या सहीला ठेवायची. साहेब बदलले, नवे आले, तेही सह्या करत राहिले.

दाखले यायला अडीच वर्षं गेली. तोवर शालिग्रामच्या वयाची अट संपून सात महिने झाले होते. तो सुरतेला लूमवर कामाला गेला होता, दिवाळीला यायचा. फातिमाबी वारली होती. तिचा दाखला तिच्या सुनेनं नेला.

वच्छलाबाई एका मंगळवारी एकटीच कचेरीत आली. केस पार पांढरे झाले होते. ताहेरानं खुर्ची दिली, ती बसली नाही. रजिस्टरात अंगठा उठवला, कागद घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला.

"वाच बरं, काय लिहिलं."

ताहेरानं वाचलं. गाव निंबखेडी, तालुका मेहकर, बुडीत घर क्रमांक एकशे चार, धारक वच्छलाबाई लक्ष्मण.

"माह्यं नाव हाय? त्याहीचं नाही?"

"तुमचंच आहे, मावशी."

तिनं पुन्हा एकदा कागदावर बोट फिरवलं. "सासऱ्यानं बांधलं होतं ते घर," ती म्हणाली. "मी सात महिने राह्यली त्याच्यात." मग तिनं दाखल्याची घडी घातली, पोलक्यात ठेवली आणि विचारलं, मेहकरची गाडी किती वाजता हाय. ताहेरा तिच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेली. गाडी लागली तेव्हा वच्छलाबाई पायरीवर चढली, वळली, आणि ताहेराच्या गालाला हात लावून आत जाऊन बसली.